रूळ पुन्हा घालताना

एखादा माणूस बिघडला म्हणजे तो 'घसरला' असे आपण म्हणतो आणि सुधारला म्हणजे त्याची 'गाडी रुळावर आली' असे म्हणून समाधानाचा सुस्कारा सोडतो. विरार-चर्चगेट मार्गावर ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, त्या आपल्या लोकांच्या तोंडी हे वाक्प्रचार यावेत यात नवल नाही. मात्र या दोहोंत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. रूळ निर्दोष आहेत. दोष काय तो गाडीचा. खऱ्या रेल्वेत अपघात झाला की चौकशी करणारे अधिकारी चाके मोजतात आणि रूळही मोजतात. आपण कुटुंबात, शाळेत, धर्मग्रामात चौकशी करतो तेव्हा फक्त चाके मोजतो. रूळ कोणी घातले, कधी घातले, घालताना त्याचा हात घाईत होता काय, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. मलाही नव्हती. ती लागली एका तळघरात, एका खेळण्याच्या रेल्वेपुढे.

रोममध्ये शिकणाऱ्या आपल्याकडील धर्मगुरूंपैकी अनेकजण उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतील एखाद्या धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून जातात. तेथील धर्मगुरू रजेवर जातो, आपली थोडी भाषा सुधारते आणि शिक्षणाचा थोडा खर्चही निघतो. २००८ सालच्या उन्हाळ्यात मी असाच बव्हेरियातील एका खेड्यात होतो. तेथल्या चर्चची व्यवस्था पाहणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे, विधुर. सकाळच्या मिस्सेला आम्ही दोघे आणि सातआठ वृद्धा. एके दिवशी मिस्सेनंतर त्यांनी मला घरी बोलावले, कॉफी पाजली आणि तळघराचा दिवा लावला. खाली सुमारे चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा लाकडी मांडणीवर एक अख्खा मुलूख पसरलेला होता. डोंगर, बोगदा, नदीवरचा पूल, कांद्याच्या आकाराच्या घुमटाचे चर्च, स्थानकावर ताटकळणारी बोटाच्या पेराएवढी माणसे, आणि या साऱ्यांमधून धावणारी गाडी.

हा छंद आपल्याकडे विरळा असला, तरी अगदीच अपरिचित नाही. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. जर्मनीत मात्र त्याला शतकाहून मोठी परंपरा आहे. म्यर्कलिन या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले, आणि तेव्हापासून 'गाडी' विकत घेण्याऐवजी 'मार्ग' वाढवीत नेण्याचा हा छंद सुरू झाला. आज सर्वांत अधिक वापरले जाणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी आहे. म्हणजे सत्त्याऐंशी मीटरचे जग एका मीटरमध्ये बसवायचे. खऱ्या रुळांमधील १४३५ मिलिमीटरचे अंतर त्या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटर होते. साडेसोळा मिलिमीटरच्या वाटेवर अर्ध्या मिलिमीटरची चूक केवढी मोठी, हे मी वेगळे सांगायला नको.

आजोबांच्या मांडणीत एक दुखणे होते. मालगाडी बोगद्यातून बाहेर आली की तोंडाशीच, जेथे मार्गाला फाटा फुटतो तेथे, तिसरी वाघीण घसरे. प्रत्येक वेळी नाही. चारपाच फेऱ्यांत एकदा. काही वर्षे हे चाललेले होते. त्यांनी त्या वाघिणीची चाके बदलली, तिच्या पोटात शिशाचा तुकडा ठेवून तिला जड केले, शेवटी कंटाळून तिला कपाटात ठेवले. मग चौथी वाघीण घसरू लागली. फाट्यावरची हलणारी पाती त्यांनी कानसेने घासली, नंतर तो फाटाच नवा आणून बसविला. उपयोग शून्य. "ही गाडीच वाईट आहे," असे ते मला हसत म्हणाले खरे, परंतु एकेचाळीस वर्षे रेल्वेत काढलेल्या त्या माणसाच्या आवाजात विनोदापेक्षा दुसरेच काहीतरी होते.

पुढचे दोन आठवडे आम्ही संध्याकाळी त्या तळघरात बसलो. त्यांची रीत मला फार उद्बोधक वाटली. त्यांनी एक वही घेतली. प्रत्येक फेरीला एक रेघ, आणि घसरण झाली की रेघेवर एक ठिपका. शेजारी वाघिणीचा क्रमांक आणि गाडीचा वेग. मला एकदम आमच्या गुरुविद्यालयातील दिवस आठवले. संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'त विशेष सदसद्विवेक-परीक्षणाची नेमकी हीच पद्धत सांगितली आहे. एकच दोष निवडायचा, दिवसातून दोनदा हिशेब घ्यायचा, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर मांडायचे, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. तरुणपणी आम्हाला ते वाण्याच्या वहीसारखे रुक्ष वाटे. आध्यात्मिक जीवन असे ठिपक्यांनी मोजता येते काय, असे आम्ही आपसांत कुजबुजत असू. तळघरात ते ठिपके पाहताना समजले की ते पाप मोजण्यासाठी नसतातच. ते जागा शोधण्यासाठी असतात.

ठिपक्यांवरून एवढे निश्चित झाले, की घसरण्याचा वाघिणीशी संबंध नाही आणि वेगाशीही थोडाच आहे. मग आजोबांनी इंजिन बाजूला काढले आणि एकच वाघीण हाती घेऊन ती एका बोटाने अगदी हळू ढकलीत नेली. डोळा रुळाच्या पातळीला आणून, एक डोळा मिटून, ते रुळाच्या लांबीकडे पाहत. बोगद्यात डोके जाईना, तेव्हा दंतवैद्याकडे असतो तसला लहान आरसा आणि विजेरी आत घातली. आणि तेथे, बोगद्याच्या तोंडापासून वीतभर आत, वळणावर, दोन रूळ जेथे जोडले होते त्या सांध्याशी, चूक दिसली. वळण गोलाकार जायला हवे होते. त्या सांध्यापाशी त्याला कोपर फुटल्यासारखे झाले होते. चाकाची कड त्या कोपरावर किंचित वर चढे, रुळाच्या माथ्यावर तोल सावरीत वीतभर तशीच धावे, आणि फाट्यापाशी पहिला धक्का बसताच खाली पडे. चूक अंधारात होत होती. पडणे उजेडात होत होते. आपण सारे जण पडण्याच्या जागेची दुरुस्ती करीत होतो.

हे कोपर कसे होते हे सांगतो, कारण पुढच्या विवेचनाला ते हवे आहे. लवचीक रूळ मीटरभर लांबीचे मिळतात. ते वळविले तरी त्यांचा मूळ स्वभाव सरळ होण्याचा. मधला भाग वाकतो, टोके मात्र सरळ राहू पाहतात. म्हणून वळणावर दोन टोके नुसती पितळी चिमट्याने जोडली, तर जोडावर दोन सरळ टोके एकमेकांना कोनात भेटतात. यावर उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे. दोन्ही रूळ आधी सरळ ठेवून त्यांच्या जोडाला डाख द्यायचा, म्हणजे ते एक अखंड रूळ होतात. आणि मग ते अखंडपणे वळवायचे. तासाभराचे काम.

"तुम्हाला हे ठाऊक नव्हते?" मी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठाऊक होते. त्या रात्रीसुद्धा ठाऊक होते." नाताळ दोन दिवसांवर आला होता. नातवंडे येणार होती, त्यांना धावती गाडी दाखवायची होती. डाख देण्याचे हत्यार वरच्या मजल्यावर होते आणि तोवर मध्यरात्र झाली होती. हाताला तो कोपर जाणवला होता. पण वरून डोंगर येणारच होता, दिसणार कोणाला? नातवंडे आली, गाडी धावली, सर्वांनी टाळ्या वाजविल्या. नंतर डोंगर उभा राहिला, त्याच्यावर झाडे लावली गेली, आणि आपण त्या रात्री काय केले ते ते स्वतःच विसरले. विसरले म्हणजे काय, तर वाघिणीची चाके बदलू लागले.

मी पापनिवेदनाच्या पिंजऱ्यात बसणारा माणूस. विसरण्याची ही जात माझ्या ओळखीची आहे.

रूळ काढण्याचे काम मला वाटले त्याहून नाजूक होते. रुळांखाली पसरलेली बारीक खडी पांढऱ्या डिंकाच्या पातळ पाण्याने चिकटविलेली असते. रूळ धरून ओढले, तर खालचे स्लीपर निखळतात आणि रूळ कायमचे वाकतात. म्हणजे एका चुकीच्या जागी चार होतात. आजोबांनी प्रथम करवतीने डोंगराचा कडा कापला. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घातले, म्हणजे पाणी खडीच्या वरच राहत नाही, आत झिरपते. ते पाणी थेंबाथेंबाने सोडले आणि आम्ही वर जाऊन जेवलो. खाली आलो तेव्हा डिंक मऊ झाला होता. मग एक पातळ पाते रुळाखाली सरकवीत सरकवीत त्यांनी तो तुकडा सुटा केला. दिवा धरण्याचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी नव्या रुळांना सरळ अवस्थेत डाख दिला, वळविले, बसविले, आणि खडी घालण्यापूर्वी गाडी पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे चालविली. मागे चालविणे महत्त्वाचे, कारण काही दोष पुढे जाताना लपतात. एकही ठिपका पडला नाही. नव्या खडीचा रंग जुन्या खडीहून उजळ दिसत होता. मी ते दाखविले, तर म्हणाले, "दिसू दे."

येथे एखादा समंजस वाचक मला थांबवील. 'फादर, एवढ्याशा चुकीसाठी डोंगर कापायचा? ती एक फेरी सोडून द्यावी, गाडी हळू न्यावी. जगात कोणता मार्ग बिनचूक असतो?' हा प्रश्न मला टाळायचा नाही. किंबहुना या छंदाच्या इतिहासातच त्याचे एक मोठे उदाहरण आहे.

इंग्लंडमध्ये खऱ्या गाड्या जर्मनीतील गाड्यांहून आकाराने लहान. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात इंग्लिश इंजिन केले, तर त्या काळची विजेची मोटर त्याच्या पोटात मावेना. तेव्हा तेथील उत्पादकांनी एक तडजोड केली. इंजिने आणि डबे थोडे मोठ्या प्रमाणात, म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर या मापाने केले; रूळ मात्र पूर्वीचेच साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले. त्या प्रमाणाने रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर असायला हवे. याचा अर्थ, इंग्लंडमध्ये या मापाने बनलेली प्रत्येक खेळण्यातील गाडी गेली ऐंशीनव्वद वर्षे अरुंद रुळांवर धावते आहे. खऱ्या मापाने पाहिले, तर चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचाच्या मार्गावर. ही चूक कोणा एकाची नाही. ती कारखान्यांत, दुकानांत, लाखो घरांतील खोक्यांत शिरून बसली आहे. ती सुधारायची तर सारेच मोडीत काढावे लागेल. (आपल्या भारतीय गाड्यांची लहान रूपे साडेसोळाच्याच रुळांवर चालविणाऱ्या हौशी मंडळींनी हसू नये. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला एकास सत्त्याऐंशी प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात.)

काहींना ते सहन झाले नाही. त्यांपैकी पीटर डेनी हे अँग्लिकन धर्मगुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी 'बकिंगहॅम' नावाची एक मांडणी सुरू केली, तिचे रूळ अठरा मिलिमीटरच्या आसपास रुंद केले, आणि समाधान होईना तेव्हा ती मोडून पुन्हा उभारली. त्या छंदातील लोक आजही तिचे नाव आदराने घेतात. परंतु अरुंद रुळांवर गाडी चालविणारे इतर हजारो लोक अप्रामाणिक होते, असे कोण म्हणेल? ही तडजोड आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ते ती तडजोडच म्हणतात. तिच्यामुळे कोणाची गाडी घसरत नाही.

मला वाटते, गहू आणि निदण यांच्या दाखल्यात प्रभू येशू याच दिशेने बोट दाखवितो. शेतात निदण उगवलेले पाहून दास ते उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवितो. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. काही चुका अशा असतात की त्यांची मुळे चांगल्याच्या मुळांत गुंतलेली असतात. तेथे हंगामापर्यंत धीर धरणे हाच धर्म. एखाद्या वृद्ध जोडप्याने चाळीस वर्षांपूर्वी घाईने घेतलेला निर्णय आज उकरून काढून त्यांच्या म्हातारपणाचे काय भले होणार? आणि सतत उकरीत राहण्याचाही एक रोग असतो. संत इग्नेशियस स्वतः १५२२ साली मानरेसा येथे त्या रोगाने इतके ग्रस्त झाले होते की तीच तीच पापे पुन्हा पुन्हा निवेदन करूनही त्यांना शांती मिळेना. दर आठवड्याला रूळ उखडून नव्याने घालणाऱ्या हौशी माणसाची गाडी कधी सुटतच नाही. मीही अशी माणसे पाहिली आहेत आणि त्यांना उखडू नका असेच सांगितले आहे.

मात्र त्या दाखल्यातील धनी निदणाला गहू म्हणत नाही. त्याने धीर धरला तो गव्हासाठी, दासांचे श्रम वाचावेत म्हणून नव्हे. आपण 'जाऊ द्या, झाले ते झाले' असे म्हणतो, तेव्हा आपल्याला नक्की कोणाला वाचवायचे असते? गव्हाला, की स्वतःला? त्या तळघरात ठिपके मांडताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो शास्त्रार्थ म्हणून नव्हे. त्याचे कारण सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

धर्मगुरू होऊन मला सातआठ वर्षे झाली असतील. एका धर्मग्रामात सणाच्या वर्गणीच्या हिशेबात अकरा हजार रुपये कमी पडले. पैसे मोजणारे आणि बँकेत भरणारे एक सत्शील गृहस्थ होते. त्यांना सारा गाव काका म्हणे. मी त्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते गडबडून गेले आणि मी त्या गडबडण्याचा अर्थ लावला. रविवारच्या प्रवचनात मी यहूदाच्या हातातील थैलीवर बोललो. नाव घेतले नाही. घेण्याची गरजच नव्हती. डावीकडच्या दुसऱ्या बाकाकडे साऱ्या माना वळल्या. काका समितीतून मुक्त झाले. चार महिन्यांनी हिशेब तपासताना ते अकरा हजार सापडले. ते इमारत निधीच्या पावतीपुस्तकात होते, आणि ती नोंद माझ्याच अक्षरात होती.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि "फादर, चूक कोणाच्या हातून होत नाही?" असे म्हणून मला चहा पाजला. मी पापनिवेदन केले, मला पापमुक्ती मिळाली. पुढे माझी बदली झाली. प्रकरण मिटले, असे मी मानले.

पापनिवेदनाच्या संस्कारात पश्चात्ताप आणि कबुली यांच्या जोडीला भरपाई हे तिसरे अंग आहे, हे १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केले आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ते कित्येकदा शिकविले आहे. क्षमेने पाप जाते, पण पापाने जी मोडतोड केली ती आपोआप सांधली जात नाही. चोरलेले परत करावे लागते. हिरावलेले नावसुद्धा परत करावे लागते, आणि जेथे हिरावले तेथे करावे लागते. मी ते चुलीजवळ बसून परत केले होते. हिरावले होते वेदीवरून. जक्कयाची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती झाडावर चढण्यापर्यंत. प्रभू त्याच्या घरी आपणहून गेला, त्याने काही परत करण्याआधीच गेला, हे खरे. मात्र जक्कय उठून उभा राहिला आणि लोकांसमक्ष चौपट परत करण्याचे बोलला. क्षमेने वाघीण उचलून रुळावर ठेवली जाते. ती कितीही वेळा ठेवली, तरी बोगद्यातला कोपर तसाच राहतो.

आणि वाघिणी घसरत होत्या. त्या धर्मग्रामातून येणारे धर्मगुरू मला सांगत, 'त्या घरातला मुलगा चर्चला येत नाही. गर्विष्ठ आहे. लग्नही कोर्टात लावले.' मी मान हलवी. मीही त्या मुलाचीच चाके मोजीत होतो. ज्या वर्षी मी ते प्रवचन दिले, त्या वर्षी तो दहावीत होता आणि वेदीसेवक होता. त्या रविवारी तो वेदीवर, माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. हे मला बव्हेरियातल्या तळघरात, दिवा धरलेला असताना आठवले. त्याआधी आठवले नव्हते.

भारतात परतल्यावर, २००९ साली, मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, "मला तुमच्या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी उभे राहून सांगू द्या." त्यांनी स्पष्ट नकार दिला. "लोक विसरले, फादर. तुम्ही सांगाल आणि ज्यांना ठाऊक नाही तेसुद्धा विचारू लागतील. सुनेच्या माहेरची माणसे आहेत. आता नको." मी आग्रह केला नाही. ज्याचे नाव गेले त्याचा त्या नावावर पहिला हक्क. ते कसे परत घ्यायचे हे त्यानेच ठरवावे, असे मी तेव्हा मानले आणि आजही मानतो. हा निदणाचा दाखला होता आणि धनी ते होते. तरी एक कबूल केले पाहिजे. त्यांच्या अंगणातून बाहेर पडताना मला हायसे वाटले होते. ते हायसे वाटणे मला अजून खुपते.

काका २०१६ साली वारले. दफनाच्या दिवशी त्यांच्या पत्नीने मला सहज सांगितले की ते अखेरपर्यंत मिस्सेला जात, पण बसत मागच्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. मी तेथे असतानाच त्यांनी बाक बदलला असणार, आणि मी ते वेदीवरून पाहिले नव्हते. पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "बाबा नको म्हणाले होते ते मला ठाऊक आहे. आता मी सांगतो. महिन्याच्या मिस्सेला या आणि बोला."

मी गेलो. तेथील धर्मगुरूंनी परवानगी दिली. प्रवचनाच्या जागी मी उभा राहिलो आणि काय घडले होते ते सांगितले: अकरा हजार रुपये, यहूदाची थैली, पावतीपुस्तक, माझे अक्षर. सांगायला तीन मिनिटेही लागली नाहीत. ज्यांनी ते जुने प्रवचन ऐकले होते त्यांतले अनेक आता हयात नव्हते. काही आखातात, काही कॅनडात होते. नव्या इमारतींतून आलेली तरुण कुटुंबे एकमेकांकडे पाहत होती, कारण त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पुढच्या बाकावरच्या दोन वृद्धा मात्र रडल्या. काकांच्या पत्नी खाली पाहत होत्या. मुलगा आत आला नव्हता. बाहेर, ध्वनिक्षेपक टांगलेल्या खांबाशी, तो चपला घालूनच उभा होता.

नंतर त्यांच्या घरी मंडळी जमली. मुलाने स्वतः मला चहा आणून दिला. त्याने ऐकले का, पटले का, हे मी विचारले नाही. आम्ही वाडीतल्या केळींविषयी आणि त्या वर्षी विहिरीला उतरलेल्या खाऱ्या पाण्याविषयी बोलत राहिलो. तो आता रविवारी चर्चला जातो की नाही, मला ठाऊक नाही; ते माझे धर्मग्राम नव्हे.